गेल्या वर्षीचा फोर्क

यंदाकाकांचं खरं नाव कंपनीच्या पगारपत्रकात होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. बाकी कारखान्यात, गोदामात, प्रदर्शनात, इतकंच काय शेजारीपाजारीही ते यंदाकाकाच. कारण त्यांचं कुठलंही वाक्य 'यंदा'ने सुरू व्हायचं. यंदा वजन कमी केलंय. यंदा रंग बघा, रंग. यंदाच्या पेडलची पकड अशी, की उतरताना बूट मागे राहील. एका वाढदिवसाला ते बायकोला म्हणाले, "यंदा तू फारच छान दिसतेस." बायकोने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे गेल्या वर्षी कशी दिसत होते?" बाहेर त्यांना असला प्रश्न कोणी विचारत नसे, आणि त्यावरच त्यांची नोकरी टिकून होती.

काका विक्री विभागात होते. कंपनी बीएमएक्स सायकली आणि त्यांचे सुटे भाग बनवायची. बीएमएक्स म्हणजे काय हे ज्या भाग्यवंतांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक सायकल घ्या. तिचं मडगार्ड काढा, घंटी काढा, दिवा, कॅरियर, स्टँड, गिअर, सगळं काढा. चाकं लहान मुलांच्या सायकलीएवढी करा. सीट इतकी खाली न्या, की बसायचं म्हटलं तर गुडघे कानाला लागावेत. मनात आलं तर ब्रेकही काढून टाका. मग जे उरतं ते घेऊन तरुण मुलंमुली भिंतींवरून, जिन्याच्या कठड्यांवरून आणि लाकडी उतारांवरून उड्या मारतात, हवेत उलटी होतात आणि बऱ्याचदा सुलटी खाली येतात. जे काढून टाकलं त्याचेच जास्त पैसे घ्यायचे, हे त्यातलं तंत्रज्ञान.

आता ज्या वस्तूतून सगळंच काढून टाकलंय तिच्यात दरवर्षी नवं काय आणणार? पण सायकलवाल्यांचं मोठं व्यापारी प्रदर्शन दरवर्षी भरायचं, आणि तिथे जुनं काही मांडायला बंदी नसली तरी लाज नक्की होती. तेव्हा एका वर्षी हँडल अर्धा इंच उंच व्हायचं. सगळे स्टॉलवाले गंभीर चेहऱ्याने सांगायचे, की आता कुठे सायकलीवर खरा ताबा मिळेल. पुढे कधीतरी तेच हँडल अर्धा इंच बुटकं व्हायचं आणि ताबा आणखी मिळायचा. सीट एकदा जाड, एकदा पातळ. रंगांचं तर विचारूच नका. एका वर्षी सगळ्या कंपन्यांना एकाच वेळी साक्षात्कार झाला, की पाण्यावर तेल सांडल्यावर जो रंग दिसतो तो फार सुंदर असतो, आणि त्या वर्षी आख्खा हॉल गॅरेजबाहेरच्या डबक्यासारखा चमकत होता. लोक हातात फुकटच्या पिशव्या घेऊन फिरायचे, एखाद्या नटबोल्टसमोर उभं राहून माना डोलवायचे, वाकून फोटो काढायचे आणि पुढच्या नटबोल्टकडे जायचे.

या सगळ्यात काकांची एक पद्धत होती. ती त्यांनी कोणाला शिकवली नाही, कारण सगळ्यांनाच ती येत होती. काकांइतकी साधली मात्र कोणालाच नव्हती. यंदाच्या मालाची स्तुती करायची तर गेल्या वर्षीच्या मालाला नावं ठेवायची. आणि गेल्या वर्षी त्याच मालाला डोक्यावर घेऊन नाचलो होतो, हे विसरून जायचं. अगदी मनापासून विसरायचं. काकांना कोणी खोटारडं म्हणावं असं नव्हतं. खोटं बोलायला निदान खरं काय ते ठाऊक असावं लागतं. काकांना सकाळी कंपनीतून जे सांगितलं जाई ते दुपारपर्यंत त्यांना स्वतःच्या अनुभवातलं वाटू लागे, आणि संध्याकाळी त्यात एकदोन प्रसंगांची भरही पडलेली असे.

प्रदर्शन संपलं, की मांडलेला माल परत गोदामात न नेता कामगारांत वाटून टाकायचा, ही कंपनीची जुनी रीत. त्यामुळे काकांच्या घरात गेल्या कित्येक वर्षांच्या नव्या गोष्टी साठल्या होत्या. टॉवेल वाळायचे ते सायकल मांडायच्या स्टँडवर. न्हाणीघराच्या दाराला पडदा होता, त्यावर 'आजवरची सर्वांत हलकी' असं हातभर अक्षरांत लिहिलं होतं. बायको अंघोळीला निघाली, की रोज ते वाचायची. ती एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. 'यंदाचं रक्त फारच सुरेख आहे' असं म्हणून तिचं भागत नसे, तिला आकडा द्यावा लागे. नवरा बोलायला लागला, की ती त्यातलं अर्धं ऐकायची आणि ऐकलेल्यातलं अर्धं सोडून द्यायची. उरलेल्यावर दोघांचं बरं चाललं होतं.

काकांचं सगळंच्या सगळं ऐकणारं आणि खरं मानणारं माणूस जगात एकच होतं, त्यांची मुलगी. आई तिला नाकतोडा म्हणायची, कारण चालायला लागल्यापासून ती जिन्याची शेवटची पायरी कधी उतरलीच नाही, उडी मारूनच खाली आली. तिची पहिली सायकल प्रदर्शनातून आली. दुसरी आणि तिसरीही. प्रत्येक सायकल घरी आणताना काका दारातूनच सांगायचे, "बाळा, याहून मजबूत अजून जगात बनलेली नाही. हत्ती बसव!" हत्ती काही मिळाला नाही, पण तिने स्वतःला मात्र कुठून कुठून खाली टाकलं. आधी शाळेच्या ओट्यावरून, मग गाड्या लावायच्या इमारतीतल्या उतारावरून, मग मैदानातल्या लाकडी रॅम्पवरून. बाकीची मुलं उडी घेण्याआधी पुढचं चाक हलवून बघायची, हँडल आवळून बघायची. ही बघायची नाही. "बाबांच्या कंपनीची आहे," एवढं म्हणायची आणि सुटायची. म्हणूनच ती सगळ्यांपेक्षा उंच जायची. एकदा मनगट मोडलं, एकदा दात गेला, पण सायकलीवर तिने कधी संशय घेतला नाही.

यंदा, म्हणजे आपण ज्या यंदाबद्दल बोलतोय त्या यंदा, मुलगी कॉलेजात होती आणि कंपनीच्या चमूत एक जागा रिकामी झाली होती. चमू म्हणजे कंपनीच्या खर्चाने गावोगाव जाऊन कंपनीच्या सायकलींवरून पडणारी मंडळी. मुलीला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की गेले कित्येक दिवस ती जेवताना चमच्याने हवेत उड्या मारून दाखवत होती आणि आई "आधी गिळ" म्हणत होती. ठरलं होतं असं, की प्रदर्शनात कंपनीच्या स्टॉलसमोर रॅम्प उभारायचा, तिघा उमेदवारांनी त्यावर आपलं कसब दाखवायचं आणि धाकट्या मालकांनी तिथल्या तिथे नाव जाहीर करायचं. धाकटे मालक म्हणजे थोरल्या मालकांचे चिरंजीव. सायकल त्यांनी लहानपणी एकदा चालवून पाहिली होती.

यंदाची खास वस्तू होती फोर्क. फोर्क म्हणजे पुढचं चाक ज्याच्या दोन पायांत धरलेलं असतं तो चिमटा. उडीवरून खाली येताना सगळा भार त्याच्यावर येतो, आणि तो मोडला तर त्याच्यापाठोपाठ काय काय मोडेल ते सांगायला नको. सकाळी स्टॉलवर धाकट्या मालकांनी सगळ्यांना गोळा केलं. "यंदाचा मुद्दा मजबुती," ते म्हणाले. "गेल्या वर्षीच्या फोर्कला मानेपाशी ताण यायचा, यंदा तिथे नळी जाड केली आहे. सगळ्यांनी हेच बोलायचं." काकांनी मान डोलवली. हातातला चहा संपेपर्यंत तो ताण त्यांनी जणू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला होता.

दुसरा हुकूम असा, की नव्या सायकलींना ओरखडा पडता कामा नये. भिंतीवरून फेकण्यासाठी बनवलेल्या त्या सायकली मखमलीवर उभ्या केल्या होत्या आणि त्यांना हात लावायचा तर शेजारी पांढरे हातमोजे ठेवले होते. तेव्हा रॅम्पवर उडणाऱ्यांनी आपापल्या घरच्या सायकली आणायच्या आणि त्यांच्यावर यंदाचे स्टिकर चिकटवायचे, असं ठरलं. मुलीची सायकल म्हणजे गेल्या वर्षी याच प्रदर्शनातून घरी आलेली सायकल. तिच्यावर काकांनी स्वतः स्टिकर लावले, केस वाळवायच्या यंत्राने शेकून, एक बुडबुडा न ठेवता. फोर्कवर 'आता अधिक मजबूत' हा स्टिकर अंगठ्याने दाबून बसवत ते म्हणाले, "घे, नवी झाली." मुलगी हसली. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुपारी घाऊकवाल्या बाई आल्या. बाईंची बरीच दुकानं होती आणि स्मरणशक्ती उत्तम होती, त्यामुळे सगळे विक्रेते त्यांना टरकून असत. त्या येताना दिसल्या, की समोरच्या स्टॉलवरच्या माणसाला हटकून फोन यायचा. काका मात्र पुढे झाले. त्यांच्या भोवती चारदोन छोटे दुकानदारही जमले होते.

"बोला, यंदा काय?" बाईंनी विचारलं.

"यंदा फोर्क! गेल्या वर्षीच्या फोर्कला मानेपाशी ताण यायचा, बाई. यंदा नळीच जाड केली. प्रश्नच मिटला."

"गेल्या वर्षी याच गालिच्यावर उभं राहून तुम्ही म्हणालात, याहून मजबूत फोर्क जगात नाही."

"ते गेल्या वर्षीच्या जगात," काका म्हणाले. दुकानदार हसले. हशा मिळाला, की काकांचा तोल जायचाच.

"तुमचे ते फोर्क माझ्या दुकानांत अजून पडलेत," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या. "ते विकू की नको?"

"ते तुमचं तुम्ही बघा," काका म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला, दुकानदार आपसूक पुढे वाकले. "पण मला विचाराल, तर त्या फोर्कवर मी माझ्या मुलीलासुद्धा बसवणार नाही."

वाक्य फार सुरेख बसलं. एका दुकानदाराने "अरे बापरे" म्हटलं. बाईंच्या भुवया वर गेल्या, त्यांनी हातमोजा चढवला आणि यंदाच्या फोर्कवरून बोट फिरवलं. काकांनी समाधानाने मान वर केली, आणि त्यांना समोर रॅम्पच्या माथ्यावर मुलगी दिसली. ती हेल्मेटचा पट्टा लावत होती. शेजारी तिची सायकल होती, आणि इतक्या लांबूनही फोर्कवरचा तो स्टिकर स्पष्ट वाचता येत होता. काकांनी लावलाच तसा होता.

आपण म्हणालो ते खरं आहे का, हा प्रश्न त्यांना उभ्या नोकरीत पहिल्यांदा पडला. बाईंना "आलोच" म्हणून ते स्टॉलमागे धावले. तिथे आराखडे काढणारा इंजिनीअर खोक्यांवर बसून डबा खात होता.

"अरे, ताण यायचा म्हणजे नक्की काय व्हायचं? तुटायचा का?"

"कोण?"

"गेल्या वर्षीचा फोर्क!"

"छे हो. माझ्या कानावर तरी नाही."

"मग नळी जाड का केलीस?"

"माहितीपत्रक आधीच छापून झालं होतं, त्यात 'जाड' लिहिलं होतं. म्हणून केली." इंजिनीअरने घास गिळला. "किती जाड ते नव्हतं लिहिलं, ते एक बरं झालं."

"पण भार टाकून बघितलं असशील ना कधी? गेल्या वर्षीच्यावर?"

"यंदाच्यावर टाकलाय. गेल्या वर्षीच्यावर आता कशाला टाकायचा? संपला ना तो."

"बाबा रे, तो सुरक्षित आहे की नाही, एवढं एक सांग."

"असावा," इंजिनीअर म्हणाला.

'असावा' हा शब्द काकांनी ग्राहकासमोर कधी चुकूनही उच्चारला नव्हता. तो ऐकणाऱ्याला कसा लागतो ते त्यांना आज कळलं. बाहेर रॅम्पपाशी भाड्याने आणलेला माईकवाला ओरडत होता, की पहिले उमेदवार सज्ज आहेत, टाळ्या कमी पडतायत, टाळ्या. काका पिशव्या वाटायच्या टेबलाकडे वळले. तिथे माहितीपत्रक लिहिणारी बाई उभी होती.

"हे 'आता अधिक मजबूत' कोणी लिहिलं?"

"मी," ती खूश होऊन म्हणाली. "छान आहे ना? तीन शब्दांत काम."

"म्हणजे आधीचा कमी मजबूत होता?"

"असं कुठे लिहिलंय मी? ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचं असतं, काका. तुम्हाला मी सांगायला हवं का?" ती म्हणाली. "मजबुतीवर भर द्या असं मालक म्हणाले, मी दिला."

पहिला उमेदवार उडी मारून व्यवस्थित उतरला होता आणि दुसरा रॅम्पवर चढत होता. धाकटे मालक गालिच्याच्या टोकाला कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेत होते. काकांनी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"मजबुतीचा मुद्दा तुम्हाला कोणी सांगितला?"

"कोणी म्हणजे? तुम्हीच!"

"मी?"

"गेल्या वर्षी प्रदर्शनाहून परत आल्यावर तुम्हीच नाही का म्हणालात, की लोक सारखं विचारतात, फोर्क तुटणार नाही ना, फोर्क तुटणार नाही ना? म्हटलं, चला, यंदा हाच मुद्दा घेऊ."

"अहो, ते तर लोक दरवर्षी विचारतात!"

"मग उत्तमच की. पुढच्या वर्षीही चालेल."

"तुटून परत आला होता का एखादा? आठवून सांगा, मालक."

धाकट्या मालकांनी खरंच आठवून पाहिलं. "दोनतीन काहीतरी आलं होतं परत. फोर्क होते की पेडल होती? पेडलच असणार." मग ते वैतागले. "हे आत्ता काय काढलंत? बाई ताटकळल्यात तिकडे. जा बघू."

झालं. काकांच्याच तोंडून निघालेलं वाक्य मालकांकडे गेलं, तिथून माहितीपत्रकात छापलं गेलं, मग इंजिनीअरच्या कागदावर उतरलं, आणि आज सकाळी नवंकोरं होऊन पुन्हा काकांच्या तोंडात येऊन बसलं. एवढा मोठा फेरा पडला, त्यात एवढी शिकलेली माणसं भेटली, पण कोणी एकाने एक जुना फोर्क उचलून यंत्रावर ठेवून पाहिला नव्हता. तो भक्कम असेल, तुटकाही असेल. गप्प बसणं सोपं होतं. मुलीने बाईंशी झालेलं बोलणं ऐकलं नव्हतं. तिने उडी मारली असती, बहुधा नीट उतरली असती, जागा मिळाली असती, आणि कोणालाच काही कळलं नसतं. पण 'बहुधा' हाही 'असावा'चाच भाऊ होता.

दुसरा उमेदवार धाडकन पडला. लोक हळहळले, तो उठला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माईकवाला म्हणाला, आता तिसरी आणि शेवटची उमेदवार. काका रॅम्पच्या मागच्या शिडीने वर चढू लागले. त्यांचं वय आणि पोट पाहता तोही एक कसरतीचाच प्रकार होता. वर त्यांचं डोकं दिसताच माईकवाला ओरडला, "आणि हे आपल्या सगळ्यांचे लाडके यंदाकाका, उमेदवाराचे वडील! आशीर्वाद द्यायला आलेत! टाळ्या!" टाळ्या पडल्या.

"बाबा, खाली उतर ना," मुलगी म्हणाली. तिचा एक पाय पेडलवर होता. "माझी पाळी आहे."

"बाळा, यावर नको जाऊस."

"कशावर?"

"या फोर्कवर."

"का? काय झालंय त्याला?"

काकांनी तोंड उघडलं. 'यंदा' अगदी ओठांवर आला होता. तिला एवढंच सांगितलं असतं, की यंदाचा त्याहून चांगला आहे, तर तिला ते पटलं असतं आणि काकांची लाजही राहिली असती. त्यांनी तो शब्द गिळला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मजबूत आहे की नाही, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. खाली सगळ्यांना विचारून आलोय."

मुलीने पाय खाली टेकवला. "पण तू तर म्हणाला होतास, याहून मजबूत जगात नाही."

"म्हणालो होतो."

"तेव्हा माहीत होतं?"

"नाही."

"आणि त्याच्या आधीच्या सायकलीचं?"

काकांनी नुसती मान हलवली. खाली धाकटे मालक हातवारे करत होते, माईकवाला जमलेल्यांना पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाची आठवण करून देत होता. मुलीने पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि हँडल पिळून पाहिलं, बाकीची मुलं बघतात तसं. ते जागचं हललं नाही. तिने पुन्हा पिळून पाहिलं, फोर्कच्या मानेवरून बोट फिरवलं, स्टिकर नखाने थोडा उचलून त्याच्याखाली पाहिलं. तिथे रंग होता आणि काही नव्हतं. तिला काय बघायचं तेच ठाऊक नव्हतं, कारण आजवर कधी तिने पाहिलंच नव्हतं. तिने सायकल तिथेच आडवी ठेवली आणि शिडीने खाली उतरली.

ती सरळ समोरच्या स्टॉलवर गेली. तिथे दुसऱ्या कंपनीचा एक चमूवाला आपल्या सायकलीला टेकून गंमत बघत होता. तिने त्याला काहीतरी विचारलं. त्याने खांदे उडवले आणि सायकल तिच्या हातात दिली. तिने चाक हलवलं, हँडल पिळलं, आणि फोर्ककडे बोट करून विचारलं, "हा कधी तुटलाय का?"

"या महिन्यात नाही," तो म्हणाला. तिला हे उत्तर पटलेलं दिसलं.

मग ती आली, समोरच्या कंपनीच्या सायकलीवर बसून, या कंपनीच्या झेंड्याखालून, या कंपनीच्या रॅम्पवर. धाकटे मालक "हे काय, हे काय" म्हणत राहिले. माईकवाल्याला दोन सायकलींतला फरक कळत नव्हता, त्यामुळे तो यंदाच्या फोर्कची स्तुती करत होता. काका रॅम्पच्या कडेला कठडा धरून उभे होते. त्यांच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत मुलीची एकही उडी आपण धड पाहिलेली नाही. ती हवेत असायची तेव्हा ते शेजारच्या कोणाला तरी सायकलीबद्दल सांगत असायचे. आज सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, म्हणून ते बघत राहिले. ती उतारावरून सुटली, समोरच्या चढावरून वर फेकली गेली, डोकं खाली आणि चाकं वर अशी पूर्ण उलटी झाली, आणि काकांना ती एवढीशी दिसली. ते मनातल्या मनात काय काय म्हणाले ते त्यांनी नंतर कोणाला सांगितलं नाही. चाकं खाली टेकली, परक्या हँडलने हिसका दिला, तिचा पाय पेडलवरून सटकला आणि गुडघा लाकडावर घासत गेला. पण ती पडली नाही. आख्खा हॉल ओरडला. काकांनी कठडा सोडला नाही.

धाकट्या मालकांनी हसतमुखाने नाव जाहीर केलं. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. तो पडला होता खरा, पण कंपनीच्या सायकलीवरून पडला होता. मग मालक काकांपाशी येऊन, ओठांवरचं हसू जराही न हलवता, सोमवारी केबिनमध्ये या असं म्हणाले. घाऊकवाल्या बाई अजून थांबलेल्या होत्या. त्यांनी हातमोजा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मग यंदाचा फोर्क घ्यावा का नाही, ते एकदा खरं सांगा."

"तो म्हणे तपासलाय. मी बघितलेलं नाही," काका म्हणाले. "तुम्ही तुमच्या माणसाकडून तपासून घ्या, बाई. आणि दुकानातले जुनेही." बाई निघून गेल्या. त्या चिडल्या होत्या की काय, ते काही समजलं नाही.

मुलगी रॅम्पच्या मागे एका रिकाम्या खोक्यावर बसली होती. पँट गुडघ्यावर फाटली होती. काकांनी स्टॉलवरून प्रथमोपचाराची पेटी आणली आणि खाली बसून जखम पुसायला घेतली. तिने पाय मागे घेतला नाही, पण त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिची सायकल कोणीतरी वरून उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती. माणसं रॅम्पच्या फळ्या सोडवू लागली होती.

"ही घरी न्यायची का?" तिने सायकलीकडे बघून विचारलं.

"नको."

"का?"

"मला भीती वाटते, बाळा."

तिने हेल्मेट काढलं आणि मांडीवर ठेवलं. बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर काकांना बरं वाटलं असतं.

"मला कधीच वाटली नाही, बाबा," ती म्हणाली. "तू सांगायचास ना."